पावसाच्या पाण्याचा ताळेबंद

ज्या भूभागावर पडलेला पाऊस वाहत येऊन एकाच ओढ्यास मिळतो, तो सर्व भूभाग म्हणजे त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र होय. माथ्यावरील झाडी तुटली की तेथील माती खालच्या बंधाऱ्यात येऊन साचते. एकाने रात्रंदिवस उपसा केला की शेजाऱ्याची विहीर आटते. म्हणून पाणलोटाचे रक्षण हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. ते साऱ्या गावाचे काम आहे.

समतल चर, बांधबंदिस्ती व नालाबांध ही कामे अनेक गावांत झाली आहेत. तरीही कित्येक ठिकाणी उन्हाळा लागताच विहिरी तळ गाठतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी साठावयास वरचा मुरूम व खडकातील भेगा एवढीच जागा असते. ती लवकर भरते आणि उपसा वाढला तर लवकर रिकामीही होते. तेव्हा पाणी मुरविणे जितके अगत्याचे, तितकेच मुरलेले पाणी जपून वापरणे अगत्याचे आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव या बाबतीत अभ्यासण्याजोगे आहे. अवर्षणप्रवण टापूतील या गावाचा समावेश १९९४ मध्ये आदर्श गाव योजनेत झाला. ग्रामस्थांनी श्रमदान केले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, शेतीसाठी बोअरवेल घ्यावयाची नाही व उसासारखी तहानलेली पिके टाळावयाची, असा निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतला. उपलब्ध पाणी मोजून पिके ठरविण्याची प्रथा तेथे रुजली.

हा हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. ५०० हेक्टरांच्या पाणलोटात ४०० मिलिमीटर पावसाचे २०० कोटी लिटर होतात. त्यांपैकी बराच भाग वाफ होऊन जातो, काही वाहून जातो व काही मातीत ओल म्हणून राहतो. विहिरीस थोडाच लाभतो.

आता खर्चाची बाजू पाहावी. दरडोई दररोज ५५ लिटर धरल्यास एक हजार वस्तीच्या गावास वर्षाला सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते. उसाची गरज २,००० मिलिमीटर धरली, तर एक हेक्टर ऊसही तितकेच पाणी पितो! पाऊस कमी झालेल्या वर्षी गावाने काय निवडावे, हे या आकड्यांवरून उमजेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी हाती घ्याव्यात :

१. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवावा व रोजची नोंद विद्यार्थ्यांकडून ठेववावी.

२. माथा, उतार व पायथा येथील काही विहिरी निवडून, पंप सुरू होण्यापूर्वी सकाळी, खुणा केलेल्या दोरीने पाण्याची पातळी मोजावी.

३. हे आकडे चावडीवरील फलकावर लिहावेत.

४. पावसाळा संपताच ग्रामसभा भरवून प्रथम माणसांचे, मग जनावरांचे पाणी राखून ठेवावे व उरलेल्या पाण्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावे.

ठराव केवळ कागदावर राहिल्यास त्याचा उपयोग नाही. मोठ्या बागाईतदारांनी तो आधी पाळावा, म्हणजे लहान शेतकऱ्यांचा त्यावर विश्वास बसेल. जमीन ज्याची त्याची असली, तरी तिच्या पोटातील पाणी सर्वांचे आहे, हे ध्यानी धरून शेतकरी बंधुभगिनींनी येत्या हंगामापासून आपल्या गावाचा ताळेबंद मांडावा.