किल्ली फिरवली, पण दिवा लागलाच नाही

आम्ही जुनी गाडी घेतली तेव्हा टायर पाहिले, एसी लावून पाहिला, कागदपत्रं दोनदा तपासली. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो का, हे मात्र घरात कुणीच पाहिलं नाही. तो लागत नव्हता. दिवा नाही म्हणजे बिघाड नाही, असं आम्ही धरून चाललो.

खरं तर उलट आहे. किल्ली फिरवली की हा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तेवढ्या वेळात यंत्रणा स्वतःला तपासते. लागून राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो.

ओळखीच्या मेकॅनिकचाचांनी आधी किल्ली बंद केली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि चहा मागवला. अब्बा म्हणाले, "अहो, काम सुरू करा ना!" चाचा हसले. बॅटरी काढली तरी कंट्रोल युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि बॅग फोडायला तेवढा पुरतो. किती मिनिटं थांबायचं ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेलं असतं. पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. मीटरचा बारीकसा करंटही इन्फ्लेटर पेटवू शकतो. दोष शोधायचा तो स्कॅनरने. न फुटलेली बॅग उचलताना तिचं कव्हर अंगापासून दूर धरायचं, ठेवताना वरच्या बाजूला.

आमच्या गाडीत ती खबरदारी वाया गेली. स्टिअरिंगचं कव्हर उघडलं तर आत फुटलेली, कापलेली बॅग. कव्हर नवं बसवलेलं, दिव्याची वायर तोडलेली. ईदला याच गाडीतून आम्ही गावी गेलो होतो, पुढच्या सीटवर वहिनी आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाची मुन्नी. डावीकडची बॅग शाबूत निघाली हे ऐकून वहिनीला हायसं वाटलं, पण चाचांनी तिलाच टोकलं. बॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. मांडीवरचं मूल बॅग आणि आईच्या मध्ये सापडतं.

खर्चाचा आकडा ऐकून घाम फुटला. नवी बॅग, कंट्रोल युनिट, सीट बेल्टचे प्रीटेन्शनर. कुणीतरी सुचवलं, बॅगेच्या जागी एक रेझिस्टर लावा, युनिट फसतं, दिवाही शहाण्यासारखा वागतो. भंगारातली बॅग घेण्याचाही सल्ला मिळाला. टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत राहून बिघडलं, बॅग उघडताना धातूचे तुकडे उडाले, आणि जगभर कोट्यवधी बॅगा परत मागवाव्या लागल्या. आपल्या कोकणची हवा तर सगळ्यांना ठाऊक आहे. भंगारातल्या बॅगेनं किती पावसाळे काढलेत, कोण सांगणार? आपल्या गाडीचं नाव अशा यादीत आहे का, हे चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येतं. आम्ही विचारलं, नव्हतं.

सगळे भाग नवे घेतले. गाडी अकरा दिवस गॅरेजात होती. मुन्नीसाठी मागच्या सीटवर बेबी सीट बसवली आहे. ती पहिल्या दिवशी पनवेलपर्यंत रडली.