एक्सपाथ : पायरी तीच राहिली

१६ नोव्हेंबर १९९९ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने एक्सपाथ १.० ही शिफारस जाहीर केली. संपादक होते जेम्स क्लार्क आणि स्टीव्ह डीरोझ. एक्सएसएलटी आणि एक्सपॉइंटर या दोन्ही भाषांना एक्सएमएल दस्तऐवजाच्या झाडातल्या नेमक्या जागेवर, म्हणजे नोडवर, बोट ठेवायचे होते. दोघांनी वेगळ्या चुली मांडण्याऐवजी एकच भाषा घडवली गेली.

तिचा गाभा म्हणजे पायरी. आहोत तिथून कोणत्या दिशेला पाहायचे, हे अक्ष ठरवतो. तिकडच्यांपैकी कोणत्या नावाचे वा प्रकारचे नोड घ्यायचे, हे नोड टेस्ट ठरवते. उरलेल्या अटी चौकटी कंसात. एकूण अक्ष १३. त्यातले सेल्फ, अ‍ॅन्सेस्टर, डिसेंडंट, प्रिसीडिंग आणि फॉलोइंग हे पाच मिळून, अ‍ॅट्रिब्यूट आणि नेमस्पेस सोडले तर, सगळा दस्तऐवज व्यापतात आणि एकही नोड दोनदा येत नाही. टेस्टचा अर्थही अक्षावर ठरतो: चाइल्ड अक्षावर फुली (*) लावली की एलिमेंट मिळतात, अ‍ॅट्रिब्यूट अक्षावर तीच फुली अ‍ॅट्रिब्यूट देते.

फसगत झाली ती लघुरूपांमुळे. दोन तिरप्या रेषा, पुढे ‘धडा’ आणि कंसात १ लिहिले की पुस्तकातला पहिला धडा मिळेल असे वाटते. मिळतो प्रत्येक भागातला पहिला, कारण शेवटची पायरी चाइल्डची असते आणि मोजणी प्रत्येक पालकापाशी नव्याने सुरू होते. डिसेंडंट अक्ष पूर्ण लिहिला की एकच धडा हाती येतो. प्रिसीडिंग-सिब्लिंगवर तर मोजणी उलटी; पहिला म्हणजे सर्वांत जवळचा.

२००७च्या २.० आवृत्तीत नोड-सेटची जागा सीक्वेन्सने घेतली, नोड टेस्टमध्ये डेटाचे टाइप तपासता येऊ लागले आणि नेमस्पेस अक्षाचा वापर टाळावा असे ठरले. २०१७च्या ३.१ मध्ये मॅप आणि अ‍ॅरे आले. त्यांच्यासाठी नवा अक्ष न काढता प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर दिला गेला.

ब्राउझर मात्र १.० वरच थांबले. तरी सेलेनियम या ब्राउझर चालवणाऱ्या साधनावर चाचण्या लिहिणाऱ्याचे त्यावर भागते: ‘एकूण’ लिहिलेला सेल शोधायचा आणि फॉलोइंग-सिब्लिंगने शेजारची रक्कम उचलायची. सीएसएसला ‘हॅज’च्या रूपाने पोटातल्या नोडवरून पालक निवडणे ब्राउझरांत २०२२पासून साधू लागले, एक्सपाथकडे त्यासाठी अक्ष पहिल्या दिवसापासून होता. भाषेत भर पडत गेली, पण दिशा आणि टेस्ट वेगळी ठेवण्याचा १९९९चा निर्णय कोणाला बदलावा लागला नाही.