नालीत काय सोडता येते, आणि ते कोण ठरवतो

जलप्रदूषणाच्या 1974 च्या कायद्यात सांडपाण्याच्या वाहिनीची व्याख्या ऐसपैस आहे. घरचे किंवा धंद्याचे सांडपाणी वाहून नेणारा कोणताही नळ किंवा चर, मग तो उघडा असो की झाकलेला, त्या व्याख्येत बसतो. त्यामुळे नेरमध्ये आणि वऱ्हाडातल्या अशाच तालुक्याच्या गावांत रस्त्याच्या कडेने जी सिमेंटची नाली वाहते, तिला कायद्याच्या लेखी मुंबईतल्या जमिनीखालच्या गटारासारखाच मान आहे. धंद्याचे सांडपाणी तिच्यात सोडायला कलम 25 खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते. ‘आपली तर उघडी नाली, इथे कोण विचारतो’ ही समजूत फक्त कोणी विचारत नाही तोवरच टिकते.

बंदी नेमकी कशाची, हे समजायला एक जुना कायदा उपयोगी पडतो. ब्रिटनमधल्या 1936 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने गटाराला इजा करणारे किंवा प्रवाह अडवणारे काहीही सोडायला मनाई केली. 110 अंश फॅरनहाइटहून गरम असल्यामुळे घातक ठरणारे पाणी, पेट्रोल आणि कॅल्शियम कार्बाइड यांची नावे त्यात वेगळी घातली. कार्बाइड ओले झाले की त्यातून ॲसिटिलीन निघतो. गॅस वेल्डिंगच्या दुकानात जळतो तोच हा वायू. पेट्रोल काय करू शकते ते मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराने 22 एप्रिल 1992 रोजी पाहिले. गळतीचे पेट्रोल गटारात उतरले, रस्तेच्या रस्ते फुटले आणि 200 हून अधिक माणसे दगावली.

आपल्याकडे मोजमापे दिली आहेत ती पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 च्या सहाव्या अनुसूचीत. तिथे एकाच घटकापुढे वेगवेगळे रकाने आहेत. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅम तरंगते घन पदार्थ चालतात, सार्वजनिक गटारात 600. तेल आणि ग्रीस नदीला 10, गटाराला 20. शिसे नदीला 0.1, गटाराला 1. बीओडी नदीला 30, गटाराला 350. पीएच मात्र दोन्हीकडे 5.5 ते 9 च्या आतच हवा.

यातला बीओडी नीट समजून घ्यावा, कारण सगळी मेख तिथे आहे. पाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. 27 अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवसांत किती प्राणवायू लागला, ते मोजले की बीओडी मिळतो. त्या तापमानाला स्वच्छ पाण्याच्या एका लिटरात प्राणवायू मावतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. उलट एक लिटर नासलेले दूध जिवाणूंना पचवायला सुमारे 1 लाख मिलिग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅम प्राणवायू लागतो. माणशी दिवसाचा घरगुती भार साधारण 45 ग्रॅम धरतात. म्हणजे डेअरीवाल्याने नालीत ओतलेले लिटरभर दूध दोन माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतके जड पडते. दूध विषारी नसते, तरी नाल्यातला मासा त्याने गुदमरून मरतो.

मग गटारात 350 पर्यंत सूट कशासाठी? गटाराच्या शेवटी शुद्धीकरण केंद्र आहे, तिथले जिवाणू उरलेले काम करतील, असे त्यामागे गृहीत आहे. जिथे ते केंद्र नाही तिथे सुटीचा आधारच निघून जातो. दवाखान्यांच्या बाबतीत जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी हे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे: ज्या रुग्णालयाचे पाणी शेवटी शुद्धीकरण केंद्र नसलेल्या गटारात जाते, त्याला बीओडी 30 आणि तरंगते घन पदार्थ 100, असा जवळजवळ नदीचाच हिशेब लागू होतो. शिवाय त्या पाण्यात 96 तास ठेवलेल्या माशांपैकी 90 टक्के जगले पाहिजेत. माझ्या मते हाच न्याय गॅरेज, हॉटेल, डेअरी सगळ्यांना लावायला हवा. शिशाबद्दल तर दुमत नसावे. जिवाणू शिसे खात नाहीत. केंद्र असले तर ते निदान गाळात बसते, नसले तर थेट नाल्यात जाते. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीतले ॲसिड नालीत ओतले की शिसेही त्याच्यासोबत जाते.

ॲसिडचा धोका तेवढ्यावर संपत नाही. साचलेल्या गाळात सल्फाइड असते. त्यात ॲसिड पडले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर माणूस सावध असतो. वायूचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते, वास येईनासा होतो आणि धोका टळला असे वाटते. उघड्या नालीत तो हवेत उडून जातो. झाकलेल्या चेंबरमध्ये आणि संडासाच्या टाकीत साठून राहतो. अशा ठिकाणी सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि गटारात मृत्यू झाल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. तरी माणसे उतरतात. आपण वर काय ओतले ते त्यांना कोणी सांगत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथे 20 च्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. अंगावर उडालेल्या औषधाची चर्चा खूप झाली, पंप धुतलेल्या पाण्याची फारशी नाही. कीटकनाशक नियम, 1971 च्या नियम 44 प्रमाणे रिकामे डबे, उरलेले औषध आणि पंपाचे धुवण पाणी दूषित होणार नाही अशा रीतीने निकाली काढायचे असते. दारातल्या नालीवर पंप खंगाळणे त्यात बसत नाही. मारायचे तेवढेच औषध कालवावे, पंप शेतातच विहीर आणि ओढ्यापासून दूर धुवावा आणि ते पाणी त्याच पिकावर फवारून संपवावे.

तेलाचा बंदोबस्त त्या मानाने सोपा. गाडी धुण्याच्या जागी आणि हॉटेलच्या मोरीपुढे दोन-तीन कप्प्यांची टाकी बांधली की तेल वर तरंगते, खालचे पाणी पुढे जाते. वरचा थर वेळोवेळी काढला नाही तर मात्र टाकी असून नसल्यासारखी.

घरगुती कचऱ्याचे उत्तर एका वाक्याचे आहे: घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी तो नालीत टाकायला सरळ मनाई केली.

संमतीपत्र न पाळणाऱ्याची वीज आणि पाणी तोडायला सांगण्याचा अधिकार जलप्रदूषणाच्या कायद्यातल्या कलम 33अ ने मंडळाला दिला आहे. यवतमाळ जिल्ह्याची तक्रार मंडळाच्या अमरावती प्रादेशिक कार्यालयात करता येते, नालीच्या सफाईची नगर परिषदेत. गॅरेज, डेअरी किंवा दवाखाना चालवत असाल तर आजच संमतीपत्र काढून बघा. बीओडीपुढे 350 लिहिले असेल, तर तुमची नाली ज्या शुद्धीकरण केंद्राला जाऊन मिळते ते कुठे आहे, हे नगर परिषदेला लेखी विचारा.