एक आराखडा, अनेक भांडारे
आराखडा एका गावी आणि कारागीर दुसऱ्या गावी, ही आजच्या मोठ्या उद्योगांची रीत झाली आहे. एका यंत्राच्या शेकडो फाईली दर वेळी समुद्रापलीकडून मागवावयाच्या म्हटल्या, तर अभियंत्याचा निम्मा दिवस वाट पाहण्यातच जाईल. यास्तव प्रत्येक केंद्रात फाईलींच्या प्रती ठेवतात. परंतु प्रती वाढल्या की त्यांतील खरी कोणती, हा तंटा उभा राहतो.

ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीच्या 'व्हॉल्ट' प्रणालीतील त्याची सोडवणूक श्रोत्यांना सहज समजेल. तेथे फाईल आणि फाईलीची नोंद या दोन वस्तू निराळ्या मानल्या आहेत. भांडार प्रत्येक केंद्राचे वेगळे. नोंदवही मात्र सर्वांची एक. आराखड्याची आवृत्ती कितवी, तो दुरुस्तीस कोणी घेतला आहे, हे सारे त्या वहीत. एकाने तो दुरुस्तीस उचलला की इतरांना वाचता येतो, बदलता येत नाही. भांडारांची जुळणी ठरल्या वेळी होते. मध्येच कोणी न पोहोचलेली फाईल मागितली, तर तेवढी दुसऱ्या केंद्रातून आणवली जाते. केंद्रे फार दूर असली म्हणजे नोंदवहीच्याही प्रती कराव्या लागतात, आणि मग प्रत्येक वस्तूची मालकी कोणत्या केंद्राकडे हे ठरवावे लागते. मालकी नसेल त्याने आधी ती मागून घ्यावी, मग लेखणीला हात घालावा. हा नियम जाचक खरा. पण त्यावाचून दोघांनी एकाच वेळी केलेल्या दुरुस्त्यांचा मेळ कोणी घालावयाचा?

दुसऱ्या जागी प्रत ठेवण्याची बुद्धी मात्र नवी नव्हे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत बाप्तिस्मा, विवाह आदींच्या नोंदवह्यांची प्रत धर्मग्रामातून दरसाल बिशपांच्या कार्यालयाकडे धाडण्याचा दंडक होता. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या संगणक-केंद्राची एक इमारत जळून गेली, तेव्हा ज्यांची राखीव प्रतही त्याच आवारात होती अशा काही ग्राहकांची माहिती कायमची नाहीशी झाली.

तथापि जुळवलेली प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत दुय्यम प्रत पुन्हा जुळविण्याच्या खटपटीत एका अभियंत्याने चुकून मुख्य संगणकावरील माहितीच पुसली. दुय्यम प्रत आधीच रिकामी केलेली. नेहमीच्या राखीव प्रती निघतच नव्हत्या, हे तेव्हा कळले. सुमारे सहा तास आधी निराळ्या कामासाठी काढलेली एक प्रत शिल्लक होती, तीवरून त्या वेळेपर्यंतची माहिती परत मिळाली. मधल्या सहा तासांची गेली ती गेलीच.