पगाराचा कोटी, शेअरचा कोटी

(कर कुणाचा, भार कुणावर? : लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण आयकराचे स्लॅब पाहिले. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत शून्य, मग पाच, दहा, पंधरा असं करत चोवीस लाखांच्या वर तीस टक्के. वर जाल तसं जास्त द्या, हे तत्त्व त्यात स्वच्छ दिसतं. ‘मग श्रीमंतांना सवलत मिळते असं का म्हणतात?’ असा प्रश्न त्यावर येणं साहजिक आहे. उत्तर असं, की हा जिना खराच आहे, फक्त सगळे त्या जिन्याने चढत नाहीत.

आधी हिशेब मांडू. वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. एका बाईंना कंपनीकडून वर्षाला एक कोटी रुपये पगार मिळतो. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरलेल्यावर स्लॅबप्रमाणे कर, त्यावर दहा टक्के अधिभार आणि चार टक्के सेस. एकूण सुमारे २९ लाख २६ हजार रुपये. दुसरे गृहस्थ नोकरी करत नाहीत. त्यांनी वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेले नोंदणीकृत कंपन्यांचे शेअर विकले आणि एक कोटी नफा कमावला, बाकी काही उत्पन्न नाही. त्यांचा कर अधिभार आणि सेस धरून सुमारे १३ लाख ५५ हजार. रक्कम तीच, वर्ष तेच, सरकारही तेच. कर मात्र निम्म्याहून कमी.

दुसऱ्याने यात काहीही लपवलेलं नाही. कायद्याने त्याच्या उत्पन्नाला ‘दीर्घ मुदतीचा भांडवली नफा’ असं नाव दिलं आहे आणि त्या नावाला दर वेगळा आहे : सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के, नफा कितीही मोठा असला तरी. २००४ ते २०१८ या काळात तर शेअर बाजारातल्या अशा नफ्यावर आयकर नव्हताच, छोटा रोखे व्यवहार कर (एसटीटी) भरला की झालं. २०१८ साली अरुण जेटलींनी दहा टक्के लावला, २०२४ साली निर्मला सीतारामन यांनी साडेबारा केला. दोन्ही वेळा ओरड झाली. पण पगारदाराच्या तीस टक्क्यांवर कुणी ओरडत नाही, कारण तो टीडीएस होऊन गेलेला असतो.

वर जावं तशी दरी रुंदावते. पाच कोटींच्या वरच्या उत्पन्नावर पूर्वी ३७ टक्के अधिभार होता. २०२३ पासून नव्या प्रणालीत तो २५ वर आणला, त्यामुळे सर्वोच्च दर ४२.७४ वरून ३९ टक्क्यांवर आला. भांडवली नफ्यावर तर अधिभार १५ टक्क्यांच्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे पगार पन्नास कोटी असेल तर शेवटच्या रुपयातले ३९ पैसे सरकारचे, शेअरचा नफा पन्नास कोटी असेल तर १५ पैशांहूनही किंचित कमी.

आता दुसरी बाजू, कारण ती पोकळ नाही. शेअरची किंमत कंपनीच्या नफ्यावर वाढते आणि कंपनीने त्या नफ्यावर कर आधीच भरलेला असतो. मग भागधारकाकडून पुन्हा पूर्ण कर का घ्यायचा? शिवाय दहा वर्षांत वाढलेल्या किमतीतला काही भाग निव्वळ महागाईचा असतो. हे मुद्दे मला पटतात, काही अंतरापर्यंत. पण सप्टेंबर २०१९ मध्ये अर्थमंत्र्यांनी गोव्यात कंपनी कराचा दर ३० वरून २२ टक्के केला, अधिभार-सेस धरून २५.१७. कंपनी आधीच भरते असं म्हणायचं आणि ती भरते तेही कमी करायचं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी फार काळ चालत नाहीत. २०२३-२४ मध्ये देशात व्यक्तींनी भरलेला आयकर सुमारे १०.४ लाख कोटी होता, कंपन्यांचा सुमारे ९.१ लाख कोटी.

आणि गंमत म्हणजे, खालच्या टोकाला हेच गणित उलटतं. बारा लाख करपात्र पगार असलेल्याला आता कर शून्य, कारण त्याला कलम ८७अ ची सूट मिळते. पण एखाद्या निवृत्त माणसाने आयुष्यभराचे म्युच्युअल फंड विकले आणि त्याचा बारा लाख नफा हेच त्याचं उत्पन्न असेल, तर ही सूट लागू नाही. त्याला ८७ हजार ७५० रुपये भरावे लागतात. सवलतीचा दर मोठ्या नफ्याला सवलत ठरतो आणि छोट्याला दंड.

तरी दर हा या गोष्टीचा छोटा भाग झाला. मोठा भाग आहे वेळ. पगारदाराला कर कधी भरायचा हे ठरवता येत नाही, हातात पैसे पडण्याआधी तो कापला जातो. शेअरवाल्याला मात्र विकेपर्यंत कर नाही. ज्याचे हजारो कोटींचे शेअर आहेत त्याला खर्चासाठी ते विकायची गरजही नसते. तो ते तारण ठेवून कर्ज काढू शकतो, आणि कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. मग तो वारला, तर शेअर मुलांकडे जातात. तेव्हाही कर नाही. मुलांनी ते विकले तर बापाच्या खरेदीच्या किमतीपासून नफा मोजतात, म्हणजे अमेरिकेसारखी जुनी वाढ माफ होत नाही, हे आपल्या कायद्याचं श्रेय. पण ‘विकले तर’.

कधी काळी मृत्यूच्या वेळी कर होता. १९५३ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना मृत्युकराचा कायदा आला. त्याचा वरचा दर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत गेला. इतक्या दराला लोक कर भरत नाहीत, वाटा शोधतात. वसुली वर्षाला वीस कोटींच्या आसपास राहिली आणि १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो गुंडाळला. १९५७ चा संपत्ती कर २०१५ साली जेटलींनी रद्द केला, कारण तेच : २०१३-१४ ची वसुली जेमतेम १,००८ कोटी. ‘बघा, असले कर चालत नाहीत’ असं त्यावरून सांगितलं जातं. पण १९९३ पासून त्या करात शेअर मोजतच नव्हते. दागिने, गाड्या, जादाची घरं, शहरातल्या मोकळ्या जमिनी मोजत. देशातली सर्वांत मोठी संपत्ती ज्या रूपात होती तेच रूप वगळायचं आणि वसुली कमी म्हणून कर मोडीत काढायचा, याला मी तरी कराचं अपयश म्हणणार नाही.

जीएसटीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर स्वतंत्र लेखांक झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, केसांचं तेल, बिस्किटं पाच टक्क्यांवर आली, हे चांगलं झालं. मोबाइलचा रिचार्ज अजून १८ टक्क्यांवरच आहे, सोनं तीनवर आणि पैलू पाडलेला हिरा दीड टक्क्यावर.

आणि आपल्या महाराष्ट्राचा व्यवसाय कर, पगाराच्या स्लिपवरचा तो ‘पीटी’. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा राहावा म्हणून १९७५ साली आलेला. हेतू उत्तम. पण महिन्याला दहा हजारांहून जास्त पगार असलेल्या पुरुषाला वर्षाला २,५०० रुपये, मग तो सोळा हजारांचा वॉचमन असो की त्याच इमारतीतल्या कंपनीचा एमडी. बायकांना २५ हजारांपर्यंत माफी आहे. वॉचमनच्या वर्षाच्या कमाईतला हा सव्वा टक्क्याहून जास्त वाटा, एक कोटीवाल्याच्या कमाईत टक्क्याचा चाळिसावा भाग. एमडीकडून जास्त घ्यावं असं राज्याला वाटलं तरी घेता येत नाही. घटनेच्या कलम २७६ मध्ये वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा आहे. ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने २५० वरून इतकी झाली आणि तिथेच थांबली. वॉचमनकडून कमी घ्यायला मात्र घटनेची आडकाठी नाही. तेवढं विधिमंडळाला एका अधिवेशनात करता येईल.

(पुढील लेखांक : शेतीचं उत्पन्न करमुक्त का, आणि त्याचा फायदा कोणत्या शेतकऱ्याला?)