दृष्टिहीन विद्यार्थी आणि संगणक क्षेत्रातील करिअर : महाविद्यालयाची भूमिका

सारांश : दृष्टिहीन व्यक्ती संगणकावर कसे काम करते, या क्षेत्रात तिला कोणत्या संधी आहेत आणि त्या संधींपर्यंत पोहोचण्यात महाविद्यालयीन पातळीवर कोणते अडथळे येतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : दृष्टिहीनता, स्क्रीन रीडर, सुगम्यता, युनिकोड, उच्च शिक्षण

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती असून त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टिविषयक अपंगत्व आहे. दृष्टिहीनांसाठी व्यवसाय म्हटले की संगीत, अध्यापन, दूरध्वनी चालक अशी ठराविक नावे आपल्यासमोर येतात. संगणक हे पडद्याचे यंत्र. तेव्हा ते डोळस व्यक्तीचेच क्षेत्र, असा आपला समज असतो. नागपुरात मिहान प्रकल्पात आणि गायत्रीनगरच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात संगणक कंपन्या आल्या आहेत. आपल्या महाविद्यालयांतून बीसीए, बीसीसीएचे वर्ग चालतात. या वर्गांत एखादा दृष्टिहीन विद्यार्थी प्रवेशासाठी आला, तर आपण त्याला काय सांगतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

पडदा ऐकण्याचे तंत्र

दृष्टिहीन व्यक्ती 'स्क्रीन रीडर' या आज्ञावलीच्या साहाय्याने संगणक वापरते. पडद्यावरील प्रत्येक घटकाचे नाव, प्रकार आणि स्थिती यांची माहिती कार्यप्रणाली या आज्ञावलीस पुरविते. ती माहिती कृत्रिम आवाजात ऐकविली जाते किंवा ब्रेल पट्टीवर उमटते. माउसऐवजी सर्व कामे कळफलकावरून होतात. टेड हेंटर या दृष्टी गमावलेल्या अभियंत्याच्या कंपनीने १९८९ मध्ये 'जॉज' हा स्क्रीन रीडर आणला. परंतु त्याची किंमत सामान्य विद्यार्थ्यास परवडणारी नव्हती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 'एनव्हीडीए' हा विनामूल्य स्क्रीन रीडर सुरू केला. तो मराठीही वाचतो.

आज्ञावलीलेखन मुळात मजकुराचेच काम आहे. ओळीमागून ओळ ऐकता येते आणि चुकीचा संदेशही ओळीच्या क्रमांकासह मजकुरातच येतो. पायथॉन भाषेत ओळीपूर्वी सोडलेल्या जागेला अर्थ असतो. ती जागादेखील एनव्हीडीए बोलून किंवा ध्वनीने दाखवितो. आकृत्या व दृश्य मांडणी यांसाठी मात्र सहकाऱ्याची मदत लागते, हे मान्य केले पाहिजे.

टी. व्ही. रामन यांचे उदाहरण

पुण्यात १९६५ मध्ये जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी गेली. भाऊ व इतर वाचक पुस्तके वाचून दाखवीत आणि ते ऐकून अभ्यास करीत. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात त्यांनी गणित हाच मुख्य विषय घेतला. पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकताना त्यांनी गणितातील वक्ररेषा ध्वनीतून समजून घेता येतील अशी आज्ञावली तयार केली. १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. तांत्रिक लेखनातील गणिती सूत्रे ऐकविणाऱ्या प्रणालीवरील त्यांचा प्रबंध पुरस्कारप्राप्त ठरला. २००५ मध्ये ते गूगलमध्ये रुजू झाले.

रामन यांची बुद्धिमत्ता असामान्य होती, हे खरे. तथापि, त्यांना गणित घेऊ दिले गेले, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे.

अडथळे कोठे आहेत?

पहिला अडथळा सहानुभूतीचा आहे. 'त्याला कशाला त्रास' या भावनेने दृष्टिहीन मुलांना शाळेतच गणितातून सूट किंवा सोपा पर्याय सुचविला जातो. हेतू चांगला असतो. परंतु ज्या अभ्यासक्रमांना गणित लागते, त्यांचे दार त्याच दिवशी बंद होते.

दुसरा अडथळा प्रयोगशाळेचा. डॉसबॉक्सच्या खिडकीत चालणारे जुने टर्बो सी स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, कारण तेथील अक्षरे त्याच्या दृष्टीने केवळ चित्र असतात. तोच अभ्यासक्रम जीसीसी व साधा मजकूर संपादक वापरून शिकविला, तर अडचण राहत नाही.

तिसरा अडथळा आपण स्वतः निर्माण करतो. प्रस्तुत लेखिकेने एका दृष्टिहीन विद्यार्थ्यास मराठीतील टिपणे कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलिखित करून दिली होती. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "मॅडम, यात मराठी कुठे आहे?" कृतिदेवमध्ये 'भारत' हा शब्द पडद्यावर मराठी दिसला, तरी संगणकात तो 'एच, के, के, जे, आर' या रोमन अक्षरांत साठविलेला असतो आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. श्रमपूर्वक तयार केलेली ती टिपणे त्याच्यासाठी निरर्थक होती. युनिकोडमध्ये टंकलेखन केल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफची स्थितीही अशीच असते.

कायदा आणि रोजगार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का दृष्टिहीन व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. आज्ञावलीलेखन आणि विदा व्यवस्थापन यांबरोबरच सुगम्यता चाचणी हे नवे कार्यक्षेत्र खुले झाले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे म्हटले. त्यामुळे बँका व शासकीय संकेतस्थळे तपासणाऱ्या तज्ज्ञांची गरज वाढणार आहे. या कामात स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्याचा अनुभव हीच पात्रता ठरते.

निष्कर्ष

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र आहे. प्रत्येक महाविद्यालयास तसे केंद्र उभारणे शक्य नाही. मात्र प्रयोगशाळेतील दोन संगणकांवर एनव्हीडीए बसविणे, टिपणे युनिकोडमध्ये देणे, फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचणे आणि आकृतीचे शब्दांत वर्णन करणे, यांसाठी वेगळ्या निधीची गरज नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याने संगणक क्षेत्रात यावे की नाही, हे त्याची आवड व क्षमता यांनी ठरावे. आपल्या फॉन्टने ठरू नये.