ध्वनिक्षेपकाचे लोहचुंबक आणि घरातील उपकरणे

तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरांवर, कावेरीकाठच्या तिरुवैयारू येथे दरवर्षी पौष वद्य पंचमीस संत त्यागराजांची आराधना होते. १८४७ साली समाधिस्थ झालेल्या या वाग्गेयकाराच्या कृती तेथे सामुदायिक रीत्या गाइल्या जातात. ते गायन ज्यांवर मुद्रित झाले, अशा जुन्या ध्वनिफिती रसिक जपून ठेवतात. तंजावरी मराठी बोलणाऱ्या एखाद्या कुटुंबात आजीच्या ओव्यांची कॅसेट असेल, तर तिचे मोल कशानेही भरून येणारे नाही. अशी फीत ध्वनिक्षेपकावर ठेविली, तर ती पुसली जाईल काय?

प्रथम ध्वनिक्षेपकाची रचना पाहू. त्यात एक कायम लोहचुंबक असतो. त्याच्या फटीत तारेचे हलके वेटोळे असून ते कागदी शंकूस जोडलेले असते. वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह गेला की ते पुढेमागे हलते, शंकू हवेस कंप देतो आणि ध्वनी उमटतो. चुंबकाचे काही क्षेत्र मात्र पेटीबाहेरही पसरते.

हे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होते. चुंबकाच्या आकाराच्या मानाने अंतर पुरेसे असल्यास, ते दुप्पट होताच क्षेत्र एक-अष्टमांश उरते. समजा, १० सेंटिमीटरांवर ते १६ गाऊस आहे. तर २० सेंटिमीटरांवर २ गाऊस आणि ४० सेंटिमीटरांवर केवळ पाव गाऊस राहील. तंजावर येथे पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्रच सुमारे ०.४ गाऊस आहे. यावरून हातभर अंतराचे महत्त्व ध्यानात येईल.

ध्वनिफितीवर लोहसंयुगाचे सूक्ष्म कण असतात व त्यांच्या चुंबकनाच्या रूपाने आवाज साठविलेला असतो. फीत प्रबळ चुंबकास अगदी लगटून राहिल्यास आवाज क्षीण होण्याचा वा खरखर वाढण्याचा संभव असतो. जुन्या रंगीत दूरचित्रवाणी संचाच्या चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकाने वळतो आणि पडद्यावर भलत्याच रंगांचे डाग दिसतात. नलिकेतील जाळीदार पत्रा चुंबकित झाला, तर चुंबक दूर केल्यावरही ते डाग काही काळ टिकतात. अशा संचांत बसविलेले वेटोळे संच सुरू होताना ते चुंबकन नाहीसे करते.

आजच्या सपाट पडद्यांत असा इलेक्ट्रॉनांचा झोत नसतो. स्मृतिपत्रिकेतील माहिती विद्युत्भाराच्या रूपात असते, तर चकतीवरील माहिती प्रकाशाने वाचली जाते. म्हणून यांस ध्वनिक्षेपकाच्या चुंबकापासून भय नाही. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये तर स्वतःचाच प्रबळ चुंबक असतो. मोबाइलमधील होकायंत्र मात्र अशा सान्निध्यात चुकीची दिशा दाखवू शकते.

खरी सावधगिरी हवी ती हृदयास स्पंदन देणारे यंत्र शरीरात बसविलेल्या व्यक्तींनी. चुंबक अगदी निकट आल्यास त्या यंत्राची कार्यपद्धती तात्पुरती बदलते. म्हणून सुटा ध्वनिक्षेपक त्यांनी छातीशी धरू नये. फितींसाठी वेगळे कपाट आणि हातभर अंतर, एवढी काळजी पुरेशी आहे.